राग सगळ्यांचा, मग बंदिश कुणाची?

२५ एप्रिल २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठानं ए. आर. रहमान आणि 'पोन्नियिन सेल्वन २' या चित्रपटाच्या निर्मात्यांना दोन कोटी रुपये न्यायालयात जमा करायला सांगितले. वाद होता 'वीरा राजा वीरा' या गाण्याचा. ध्रुपद या शास्त्रीय गायनाच्या जुन्या प्रकाराचे गायक उस्ताद फैयाज वासिफुद्दीन डागर यांचं म्हणणं असं की, त्यांचे वडील नासिर फैयाजुद्दीन डागर आणि चुलते नासिर झहीरुद्दीन डागर यांनी १९७० च्या दशकात अडाणा रागात बांधलेली 'शिवस्तुती' ही रचना रहमान यांच्या गाण्यात जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहे. पाच महिन्यांनी, २४ सप्टेंबरला, त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं हा आदेश रद्द केला. डागरबंधूंनी ही रचना गायली एवढं दिसतं, पण ती त्यांनीच रचली हे प्रथमदर्शनी दिसत नाही, असं खंडपीठाचं म्हणणं पडलं. नक्कल झाली की नाही, या प्रश्नात ते शिरलंच नाही.

बातमी वाचून लोकांचे सरळ दोन तट पडले. एक म्हणत होता, "राग काय कुणाच्या बापाचा आहे का?" दुसरा म्हणत होता, "घराण्याची चीज आहे, निदान विचारायचं तरी!" गंमत अशी की दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, कारण दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. गाण्याच्या मैफलीला वर्षानुवर्षं जाणाऱ्यांचाही इथे घोटाळा होतो. 'संगीतकार कोण?' हा प्रश्न सिनेमाच्या गाण्याला आपण सहज विचारतो, ख्यालाला, म्हणजे मैफलीतल्या रागगायनाच्या आजच्या मुख्य प्रकाराला, विचारत नाही. विचारला तर उत्तर बहुतेक वेळा येतं, "पारंपरिक." या 'पारंपरिक'च्या पोटात अनेक खरीखुरी, नावागावाची माणसं दडलेली आहेत.

एका गाण्यात तीन थर

मैफलीत निवेदक सांगतो, "राग भूप. विलंबित एकताल, त्यानंतर द्रुत तीनताल." विलंबित म्हणजे संथ, द्रुत म्हणजे जलद; एकताल आणि तीनताल ही तालांची नावं. ऐकणाऱ्याला वाटतं, भूप हेच गाण्याचं नाव. पण भूप हे गाणं नव्हे. राग म्हणजे स्वरांचा निवड करून घेतलेला संच, आणि त्या स्वरांनी कसं चालायचं, कुठे थांबायचं, कुठे नुसतं शिवून जायचं याचे संकेत. नुसते स्वर सांगून राग कळत नाही. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. भूप गंधाराभोवती, म्हणजे 'ग'भोवती, फिरतो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देशकाराचा सगळा जीव धैवतात, म्हणजे 'ध'मध्ये, वरच्या अंगाला, आणि तो सकाळचा. स्वर तेच, पण भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळलं की जाणकार श्रोता लगेच मान वर करून बघतो.

दुसरा थर बंदिशीचा. रागाच्या चौकटीत, ठरावीक तालात, ठरावीक शब्दांना दिलेली बांधीव स्वररचना म्हणजे बंदिश. आपल्याकडे बुवा लोक तिला 'चीज' म्हणतात. तिचे दोन भाग, अस्ताई आणि अंतरा. बहुतेक बंदिशी चार-पाच ओळींत संपतात.

तिसरा थर त्या दिवशीच्या गाण्याचा. बंदिश मांडून झाली की आलाप (संथ स्वरविस्तार), बोलअंग (शब्द घेऊन केलेला विस्तार), ताना (जलद स्वरमालिका) यांतून रागाची जी बढत होते, ती गायक त्याच वेळी, तिथेच करतो. मैफलीचा बहुतांश वेळ यातच जातो.

आमटीचं उदाहरण घेतलं तर हे पटकन कळेल. आमटी कुणाच्या मालकीची नाही. पण डाळ, चिंच-गूळ, गोडा मसाला यांचं काही गणित सांभाळलं नाही तर तिला आमटी कुणी म्हणणार नाही. हा राग. एखाद्या घरातल्या बाईनं स्वतःच्या डोक्यानं बसवलेली, तिच्याच नावानं नातलगांत ओळखली जाणारी कृती म्हणजे बंदिश. आणि आज दुपारी तिच्या सुनेनं त्या कृतीवरून केलेली, ताटात पडलेली आमटी म्हणजे गायन. सून हाताला चव असलेली असेल तर सासूपेक्षा सरस करेल, पण म्हणून कृती तिची होत नाही.

रहमान-डागर वादात पहिला तट पहिल्या थराबद्दल बोलत होता, दुसरा तट दुसऱ्या थराबद्दल. न्यायालयात पुरावा आला तो मुख्यतः तिसऱ्या थराचा, म्हणजे गायल्याचा.

चार ओळींत असतं काय?

मियाँमल्हारातली एक जुनी, आजही घराघरात शिकवली जाणारी विलंबित चीज घेऊ: 'करीम नाम तेरो'. अस्ताईत गायक परमेश्वराला म्हणतो, तुझं नाव करीम, म्हणजे दयाळू. अंतऱ्यात मागणं आहे, 'दुख दरिद्र दूर कीजे, सुख देहो सबन को', आणि शेवटाकडे 'अदारंग बिनती करत, सुन लेहो करतार'. संपली बंदिश. कागदावर लिहायला अर्धं पान पुरतं, गायला पाऊण तास.

कागदावर न दिसणारा भाग महत्त्वाचा. मियाँमल्हाराची ओळख त्याच्या झुलत्या कोमल, म्हणजे जरा उतरलेल्या, गंधारात आणि कोमल-शुद्ध अशा दोन्ही निषादांच्या ('नी'च्या) जवळिकीत आहे. बंदिश रचणाऱ्यानं कुठलं अक्षर कुठल्या स्वरावर ठेवायचं, कुठे श्वास सोडायचा, तालाच्या बारा मात्रांच्या फेऱ्यात कुठून उठून समेवर कसं यायचं, हे सगळं अशा बेतानं ठरवलेलं असतं की गाणाऱ्याच्या तोंडी रागाचं वळण आपसूक येतं. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. विलंबित लयीत एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत मिनिटभर सुद्धा लागतो. एवढा वेळ भटकून आलेल्या गायकाला घरी आणणारा बंदिशीचा पहिला तुकडा म्हणजे मुखडा. चांगला मुखडा बांधणं हे अव्वल दर्जाचं रचनाकौशल्य आहे, आणि माझ्या मते ख्यालात सर्वांत कमी कौतुक वाट्याला आलेलंही हेच आहे.

म्हणून 'ख्यालात बंदिश म्हणजे नुसतं निमित्त' हे वाक्य मला पटत नाही. रागाचे नियम पुस्तकात असतात, पण राग शिष्याच्या गळ्यात उतरतो तो बंदिशीतून. राग नीट कळायला हवा असेल तर त्यातल्या चार वेगवेगळ्या चिजा घ्याव्यात, हा तालमीतला जुना शिरस्ता. प्रत्येक चीज त्या रागाची वेगळी बाजू दाखवते.

सदारंग, अदारंग आणि 'पिया' मंडळी

'करीम नाम तेरो'मधला अदारंग कोण? ती रचनाकाराची नाममुद्रा आहे. अभंगात 'तुका म्हणे', 'जनी म्हणे' येतं ना, तीच पद्धत. अदारंग म्हणजे फिरोज खाँ. त्याचा चुलता नियामत खाँ हा दिल्लीचा बादशहा मुहम्मदशहा याच्या दरबारी बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारा, होता, आणि त्याची नाममुद्रा 'सदारंग'. मुहम्मदशहाची कारकीर्द १७१९ ते १७४८. इतिहासात हा बादशहा 'रंगीला' म्हणून थट्टेचा विषय झाला, १७३९ मध्ये नादिरशहानं त्याच्या डोळ्यांदेखत दिल्ली लुटली. पण आज आपण जो ख्याल ऐकतो त्याला प्रतिष्ठा आणि घाट मिळाला तो त्याच्या दरबारात. कित्येक बंदिशींत 'सदारंगीले मोहम्मदशा' असं धनी आणि रचनाकार यांचं नाव जोडीनं येतं. सांगतात असं की सदारंगानं स्वतःच्या मुलांना मात्र ध्रुपदच शिकवलं, ख्याल दिला तो बाहेरच्या शिष्यांना.

पुढे ही नाममुद्रांची रांगच लागली. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ 'प्रेमपिया', विलायत हुसेन खाँ 'प्राणपिया', खादिम हुसेन खाँ 'सजनपिया', अत्रौलीचे मेहबूब खाँ 'दरसपिया'. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेले विष्णू नारायण भातखंडे 'चतुर', त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर 'सुजान'. जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणिदास' आणि त्यांचे शिष्य सी. आर. व्यास 'गुणिजान'. अलाहाबादचे रामाश्रय झा 'रामरंग'. यांतली बरीच मंडळी मुंबईत राहून, शिकवून गेली, त्यामुळे महाराष्ट्रातल्या गाण्याच्या क्लासमध्ये आजही त्यांच्या चिजा सर्रास शिकवल्या जातात. शिकणाऱ्याला मात्र 'पिया' म्हणजे बंदिशीतला प्रियकर वाटतो! निम्म्या वेळा तो असतोही, म्हणून घोटाळा आणखी वाढतो.

नाममुद्रा हा त्या काळचा स्वामित्वाचा शिक्का होता, पण कच्चा. सदारंगाच्या नावावर इतक्या चिजा आहेत की त्या सगळ्या एकट्याच्या असणं कठीण. थोर माणसाच्या नावावर आपली रचना खपवणं हे चोरीच्या बरोबर उलटं, आणि आपल्याकडे तेही मुबलक झालं. तुकोबांच्या गाथेतल्या प्रक्षिप्त अभंगांवर आपण वाद घालतो, तोच प्रकार. दुसरीकडे, तोंडातोंडी जाताना नाममुद्रा गळाल्या, शब्द झिजले. एकाच चिजेचा अंतरा दोन घराण्यांत दोन तऱ्हेनं ऐकायला मिळतो आणि दोन्हीकडचे बुवा आपलाच अस्सल म्हणतात.

दक्षिणेत नाव टिकलं ते कसं?

कर्नाटक संगीतात, म्हणजे दक्षिणेच्या शास्त्रीय संगीतात, 'संगीतकार कोण?' हाच प्रश्न विचारा. तिथे बंदिशीच्या जागी 'कृती' असते. उत्तर गायकाच्या आधी येतं: त्यागराजांची कृती, दीक्षितरांची कृती, श्यामा शास्त्रींची कृती. हे तिघंही तिरुवारूरचे, आणि जवळजवळ एकाच पिढीतले. श्यामा शास्त्री १७६२ ते १८२७, त्यागराज १७६७ ते १८४७, मुत्तुस्वामी दीक्षितर १८३५ मध्ये गेले. तिघांच्याही नाममुद्रा आहेत: 'श्यामकृष्ण', 'त्यागराज', 'गुरुगुह'. दीक्षितर तर कित्येकदा रागाचं नावही शब्दांत गुंफून ठेवतात, म्हणजे पुढे कुणी राग बदलायला नको.

आपल्याला यात एक घरचा धागा आहे. हे तिघं ज्या राज्यात होते ते तंजावरचं मराठ्यांचं राज्य. सरफोजी दुसरे यांच्या काळात तिघांच्याही प्रतिभेचा बहर होता. सरफोजींनी त्यागराजांना दरबारी बोलावणं धाडलं आणि त्यांनी ते नाकारून 'निधि चाल सुखमा' ही कृती गायली, अशी कथा दक्षिणेत सांगतात. संपत्तीत सुख अधिक की रामाच्या सान्निध्यातल्या सेवेत, असा तिचा सवाल. कथा खरी असो नसो, कृती कल्याणी रागात आहे. स्वरांच्या हिशेबानं कल्याणी म्हणजे आपला यमन, तेव्हा मराठी कानाला ती परकी वाटत नाही.

त्यागराजांच्या आज सातशेच्या आसपास कृती उपलब्ध आहेत. त्या टिकल्या याचं मोठं श्रेय शिष्यांना. वालाजापेट व्यंकटरमण भागवतर यांच्यासारख्या शिष्यानं गुरूच्या रचना लिहून ठेवल्या. दीक्षितरांच्या घराण्यातल्या सुब्बराम दीक्षितरांनी १९०४ मध्ये 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा स्वरलिपीसह प्रचंड ग्रंथ छापून दिला. शिवाय तिथे कृती म्हणजे भक्ती. देवाच्या नावानं केलेली रचना लपवून ठेवण्यापेक्षा चार तोंडी जाण्यात पुण्य होतं. तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीपाशी दर वर्षी शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पाच पंचरत्न कृती एका सुरात म्हणतात. असं काही सदारंगासाठी दिल्लीत होतं का? त्याची समाधी कुठे, हे विचारणाराही भेटत नाही.

मात्र दक्षिणेत सगळं दगडावर कोरलेलं आहे असंही समजू नये. त्यागराजांच्या एकाच कृतीचे पाठ शिष्यपरंपरेनुसार बदलतात, आणि गायक तिथेही आपली भर घालतो. फरक एवढाच की मुळात कृती बरीच भरगच्च आहे. एकच ओळ चढत्या क्रमानं सजवत नेणाऱ्या 'संगती' सुद्धा रचनेचा भाग मानल्या जातात. ख्यालात हे काम गायकाकडे सोपवलेलं असतं. म्हणूनच उत्तरेत गायक मोठा दिसतो, दक्षिणेत वाग्गेयकार. शब्द आणि स्वर दोन्ही स्वतः रचणारा तो वाग्गेयकार.

उत्तरेत नाव गळालं ते कुठे?

एक कारण उघड आहे: लिहायचंच नाही. तालीम तोंडी, गंडा बांधलेल्या, म्हणजे विधिपूर्वक पत्करलेल्या, शिष्यालाच, आणि खास चिजा तर घरातल्यालाच. चिजा हुंड्यात दिल्या जात, अशा गोष्टी घराण्यांत सांगितल्या जातात. ज्याची रोजीरोटी गळ्यातल्या भांडारावर आहे त्यानं ते उघडं टाकायचं कशाला? आज आपण त्याला कद्रूपणा म्हणतो, पण ज्यांच्याकडे कायदा नव्हता, छापखाना नव्हता, त्यांच्यापाशी मालकी सांभाळायचा दुसरा उपाय कोणता होता? जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी होते, १९४६ पर्यंत जगले, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा जमाना चांगला रुळलेला पाहून गेले. तरी त्यांच्या गाण्याची एकही तबकडी नाही.

या भांडाराचं कुलूप काढलं भातखंड्यांनी. पेशानं वकील. देशभर हिंडून, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून त्यांनी चिजा गोळा केल्या. १९०४ च्या दक्षिणयात्रेत ते एट्टयपुरमला जाऊन सुब्बराम दीक्षितरांना भेटले होते. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत अठराशेच्या वर चिजा त्यांनी स्वरलिपीत छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली टिंब, तारेला (वरच्या सप्तकाला) वर टिंब, समेला फुली, खालीला (तालातल्या टाळी नसलेल्या जागेला) शून्य. आजही गाण्याच्या परीक्षेला बसणारी मुलं हीच खूण वहीत काढतात.

हे काम नसतं झालं तर कितीतरी बंदिशी उस्तादांबरोबर मातीत गेल्या असत्या. पण त्या पुस्तकांचं कुठलंही पान उघडा: वर रागाचं नाव, तालाचं नाव, लय. रचनाकाराचा रकाना नाही. नाममुद्रा शब्दांत असेल तर वाचकानं ओळखायची. पुढे शाळा-महाविद्यालयांनी, परीक्षा मंडळांनी हाच नमुना उचलला, आणि 'राग-ताल-बंदिश' या तीन रकान्यांत चौथा कधी आलाच नाही.

याची सर्वांत दूर गेलेली खूण पृथ्वीबाहेर आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर गोव्याच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. तबकडीच्या यादीत पाश्चात्त्य संगीताच्या नोंदी बघा: आधी रचनाकार बाख किंवा बेथोव्हन, मग वाद्यवृंद आणि वादक. आपल्या नोंदीत: भारत, राग, चिजेचे शब्द, गायिका. रचनाकार नाही. यादी करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांना सांगणार कोण होतं?

कायदा याकडे कसा बघतो?

आपला स्वामित्व हक्क कायदा, म्हणजे कॉपीराइट ॲक्ट, १९५७ चा. त्यात 'सांगीतिक कृती' म्हणजे छापलेली, लिहून काढलेली किंवा स्वरचिन्हांत मांडलेली रचना, अशी व्याख्या होती. थोडक्यात, कागदावर न उतरलेली चीज कायद्याच्या लेखी कृतीच नव्हती! १९९४ च्या दुरुस्तीनं हे बदललं. आता स्वरलिपी असो नसो, संगीत रचणारा तो रचनाकार. शब्द ही वेगळी, साहित्यकृती धरली जाते. रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो. त्याच दुरुस्तीनं गायक-वादकालाही 'कलाकाराचा हक्क' मिळाला. तो आज सादरीकरणापासून पन्नास वर्षं असतो.

आता तीन थर पुन्हा आठवा. रागाला हक्क नाही, तो सर्वांचा. बंदिशीला आहे, मुदत संपेपर्यंत. सादरीकरणाला आहे, पण वेगळा आणि वेगळ्या माणसाचा. कायद्याची मांडणी ख्याल-ध्रुपदाशी आश्चर्य वाटावं इतकी जुळते. अडचण येते ती पुराव्याशी. प्रकाशित प्रतीवर रचनाकार म्हणून कुणाचं नाव छापलेलं असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत तोच रचनाकार, असं कायदा धरून चालतो. आपल्याकडे तबकडीवर, कॅसेटवर, पत्रिकेवर नाव असतं ते गायकाचं. तो गायक स्वतःच रचनाकार असला तरी तसं वेगळं छापण्याची रीतच नव्हती. दिल्लीच्या दोन निकालांमधली दरी इथे आहे. घराण्यातला माणूस शपथेवर सांगतो की ही आमच्या वडिलांची, आणि समोरचा म्हणतो की ही परंपरेतली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्यासारख्या वाटतात, कारण परंपरेत राहून रचलेली चांगली बंदिश मुळातच जुनी वाटते. तशी वाटावी हाच रचनाकाराचा प्रयत्न असतो.

मग उद्या भूप गायलाही पैसे मोजायचे का?

नाही. भूपातली सदारंगाची चीज गायला सुद्धा नाही. अठराव्या शतकातल्या रचना केव्हाच सर्वांच्या झाल्या. प्रेमपिया फैयाज खाँ १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चिजाही २०१० च्या अखेरीस मोकळ्या झाल्या. हक्काचा प्रश्न येतो तो गेल्या शंभर वर्षांतल्या रचनांबाबत, आणि तोही व्यवहारात सिनेमा, जाहिरात, ध्वनिमुद्रण अशा ठिकाणी. मैफलीत 'रामरंग'ची चीज गाणाऱ्यावर कुणी फिर्याद करत बसत नाही. नाव घ्यावं एवढीच अपेक्षा असते.

सगळं जुनंच तर आहे, नवीन कोण करतं?

हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे आणि तो सर्वांत कच्चा आहे. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारपणात देवासला अंथरुणाला खिळून असताना माळव्याची लोकगीतं ऐकत पडले होते. त्या धुनांतून त्यांनी मालवती, लगनगंधार, मघवा असे राग उभे केले, त्यांत स्वतः बंदिशी बांधल्या आणि १९६५ मध्ये 'अनूपरागविलास'मध्ये स्वरलिपीसह छापल्या. गांधीजन्मशताब्दीला गांधीमल्हार केला. त्याआधी जगन्नाथबुवांनी जोग आणि चंद्रकंस यांच्या मिलाफातून जोगकंस घडवला. हा राग आज इतका रूढ आहे की निम्म्या श्रोत्यांना तो तानसेनाच्या काळचा वाटतो. रामाश्रय झा यांनी 'अभिनव गीतांजली'च्या पाच भागांत आपल्या रचना छापून ठेवल्या. विसाव्या शतकात हिंदुस्थानी संगीतात रचनेचा दुष्काळ नव्हता. दुष्काळ होता नाव घेण्याचा.

उसनं घेणं म्हणजे चोरीच का?

रागसंगीत उसनवारीशिवाय एक पाऊल चाललेलं नाही. हंसध्वनी हा मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या वडिलांनी, रामस्वामी दीक्षितरांनी, रूढ केलेला राग. मुत्तुस्वामींनी त्यात 'वातापि गणपतिं' रचली. पुढे मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ, नाममुद्रा 'अमर', यांनी त्याच हंसध्वनीत 'लागी लगन' बांधली. दोन्ही पाठोपाठ ऐका, दुसरीवर पहिलीची छाया स्वच्छ दिसते. तरीही ती नवी रचना आहे: भाषा, ताल, घाट, गायची रीत वेगळी. दाक्षिणात्य राग उत्तरेत रुजवण्यात या मुंबईकर खाँसाहेबांचा वाटा मोठा, आणि भेंडीबाजारातून जाणाऱ्या हजारोंना त्यांचं नावही ठाऊक नसतं.

मराठी रंगभूमीचं उदाहरण याहून बोलकं आहे. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडलं की पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' छापलेली दिसते, म्हणजे मूळची चीज किंवा जुनं पद कोणतं ते. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून, म्हणजे १८८० पासून, ही पद्धत आहे. भास्करबुवा बखल्यांनी १९१६ मध्ये 'स्वयंवर'ला चाली दिल्या तेव्हा त्यांच्याकडे घराणेदार चिजांचं मोठं भांडार होतं आणि त्यातून त्यांनी मनमुराद घेतलं. कुणी त्यांना चोर म्हटलं नाही. कुठून घेतलं ते लपवायचं कारणच नव्हतं. आमच्या नाटकवाल्यांनी एका ओळीत जे साधलं ते सिनेमाच्या श्रेयनामावलीला कोट्यवधींच्या खर्चात साधत नाही, हे मला खटकतं.

गायकच खरा रचनाकार, असं नाही का?

काही अंशी आहे. पाऊण तासाच्या ख्यालातला चाळीस मिनिटांचा भाग त्याच्या डोक्यातून आलेला असतो, आणि केसरबाईंची भैरवी ती केसरबाईंमुळेच. म्हणून तर कलाकाराचा हक्क वेगळा ठेवला आहे. पण या युक्तिवादाचा आधार घेऊन बंदिशकाराला पुसून टाकलं की दोन पिढ्यांनी नेमकं डागरांच्या दाव्यासारखं होतं: ज्यानं गायलं त्याच्या ध्वनिफिती उरतात आणि ज्यानं रचलं त्याचं काही उरत नाही, मग तो तोच माणूस का असेना.

आता काय करता येईल?

अवघड काही नाही. गुरूंनी चीज देताना रचनाकाराचं नाव वहीत लिहायला लावायचं. निवेदकानं राग-तालाबरोबर ते उच्चारायचं. नव्या रचनाकारानं बंदिश बांधली की तारीख घालून स्वरलिपी लिहायची, स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायची, जमलं तर पुस्तकात छापायची. न्यायालयात उभं राहायची वेळ आलीच तर हीच चिटोरी कामाला येतील.

आणि ध्वनिमुद्रण इंटरनेटवर चढवताना एक रकाना येतो, 'संगीतकार'. तिथे बहुतेक जण डोळे मिटून 'पारंपरिक' लिहितात. जोगकंसातली 'पीर पराई' गायली असेल तर तसं लिहू नका. जगन्नाथबुवा १९६८ मध्ये गेले. साठ वर्षांची मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते, म्हणजे त्यांच्या रचनांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत जिवंत आहे. कुमारांच्या रचनांचा, २०५२ अखेरपर्यंत.